सुई टोचली आणि कुणाला सांगितलं नाही: नर्सिंगच्या मुलामुलींचे प्रश्न

या महिन्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घ्यायचं ठरवलं. ठाणे, कळवा, कोपरखैरणे, नेरुळ, खारघर, सगळीकडून. काही जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या आहेत, काही बीएस्सीच्या, एक वडील आहेत, एक ट्यूटर मॅडम आहेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण बऱ्याच जणींनी शेवटी लिहिलंय की ताई प्लीज कॉलेजात कळता कामा नये. या ‘कळता कामा नये’बद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचंय म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीये.

प्रश्न: ताई, मी जीएनएम सेकंड इयरला आहे, कळव्याला राहते. मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग होतं, इंजेक्शन देऊन झाल्यावर नीडलला कॅप लावताना डाव्या हाताच्या बोटात टोचली, रक्त आलं. मी बोट दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिट लावलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण रिकॅप केलं म्हणून इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या असत्या आणि माझी आधीच एकदा तक्रार झालीये. आता ९ दिवस झाले. हेपॅटायटिस बीचे दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय. पेशंटला काय होतं मला माहीत नाही. झोप लागत नाही, घरी सांगू शकत नाही. आता काही करून उपयोग आहे का?

उत्तर: आहे, आणि हे वाचून झालं की लगेच कामाला लाग.

आधी थोडा जीव हलका होईल असं सांगते. एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, म्हणजे ३०० जणांना टोचली तर एखाद्याला, आणि तुझ्या पेशंटला एचआयव्ही होता असं तर तू कुठंच लिहिलेलं नाहीस. हेपॅटायटिस बीचं गणित मात्र वेगळंय. लस अजिबात न घेतलेल्या माणसाला, पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर, ६ ते ३० टक्क्यांपर्यंत शक्यता असते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान ७ दिवस टिकून राहू शकतो. तरी मुली एचआयव्हीच्या नावानं रात्र रात्र जागतात आणि बीचा तिसरा डोस ‘परीक्षा झाल्यावर घेऊ’ म्हणून ठेवून देतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

आता तुझं. दोन गोष्टींची वेळ गेली, ते तुझ्यापासून लपवणार नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून ज्या पीईपीच्या गोळ्या देतात त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, पहिल्या २ तासांत झाल्या तर सगळ्यात चांगलं, आणि मग २८ दिवस घ्यायच्या. हेपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन, २४ तासांत, फार तर ७ दिवसांत द्यायचं असतं. ते दोन्ही गेलं. पण दोन डोस झालेत ना, त्यानंही तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलींच्या अंगात संरक्षण तयार झालेलं असतं, तेव्हा हातात काहीच नाही असं अजिबात नाहीये.

उद्या सकाळी सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी आणि समुपदेशन केंद्राला जा. एचआयव्हीची टेस्ट तिथं फुकट होते, काउन्सेलर असतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. एकटीनं जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ ला फोन कर, तो एचआयव्हीसाठीचाच फुकट हेल्पलाइन नंबर आहे. एचआयव्हीची टेस्ट आत्ता एकदा, मग टोचल्यापासून ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी. सोबत एचबीएसएजी (बीची लागण आहे का), अँटी-एचबीएस (बीविरुद्ध संरक्षण आहे का) आणि अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सीसाठी) या रक्ताच्या टेस्ट करून घे, सीची टेस्ट पुढे परत करायला सांगतील ती टाळू नकोस. हेपॅटायटिस सी निघालाच तरी आता गोळ्यांनी बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात आणि सरकारी कार्यक्रमात ती औषधं फुकट मिळतात. रक्त देऊन झालं की तिसरा डोस घेऊन टाक. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. त्यानंतर १ ते २ महिन्यांनी परत अँटी-एचबीएस, तो १० किंवा वर आला की लस लागली म्हणायचं. आणि डॉक्टर सगळं क्लिअर आहे म्हणेपर्यंत कॉलेजच्या रक्तदान शिबिरात रक्त देऊ नकोस, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी.

कॉलेजात सांगायचं का? हो, सांगायचं. इनचार्जना थेट सांगायची भीती वाटत असेल तर तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांग, एवढंच बोल: ‘मॅडम, अमुक तारखेला अमुक वॉर्डात मला नीडल स्टिक झाली, मला रिपोर्ट लिहायचाय.’ का टोचली विचारलं तर खरं सांग. तारीख आणि बेड नंबरवरून रजिस्टरला पेशंट सापडतो, त्याच्या संमतीनं त्याची टेस्ट करता येते, आणि ती निगेटिव्ह आली तर तुझी निम्मी काळजी त्याच दिवशी संपते. तू गप्प बसलीस तर हा रस्ताच बंद होतो.

पुढच्या वेळेसाठी: टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बास. दाबून पिळून रक्त काढायचं नाही, स्पिरिट, आयोडीन, ब्लीच काही चोळायचं नाही, बोट तोंडात तर घालायचंच नाही. आणि वापरलेल्या सुईला कॅप लावायची नाही, कटरमध्ये तोडायची आणि पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात टाकायची.

इथं मला इनचार्ज सिस्टरांशी दोन शब्द बोलायचेत. तो पांढरा डबा वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, कपाटामागे ठेवलेला असेल आणि मुलगी उघडी सुई हातात घेऊन नातेवाइकांच्या गर्दीतून तिथपर्यंत जाणार असेल तर ती कॅप लावणारच, तेव्हा डबा ट्रॉलीवर ठेवा. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे असं स्पष्ट लिहिलंय आणि वॉर्डात सुया-ड्रेसिंग हाताळणारी विद्यार्थिनी त्यातून वगळावी असं मला कुठल्याच अर्थानं वाटत नाही, तेव्हा पोस्टिंगच्या आधी लसीचं कार्ड बघा, नुसतं ‘झाली का गं लस’ विचारू नका. आणि ओरडायचं असेल तर ७२ तासांनंतर ओरडा. वॉर्डात चारचौघांत केलेल्या एका अपमानामुळे पुढच्या दहा मुली टोचलेली सुई लपवतात आणि त्यातल्या एखादीचे गोळ्या सुरू करायचे तास निघून जातात, याची जबाबदारी मग कुणाची?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझी मुलगी नेरुळला होस्टेलवर राहून बीएस्सी नर्सिंग करते, आम्ही डोंबिवलीला राहतो. पुढच्या महिन्यात तिची छातीच्या वॉर्डात पोस्टिंग आहे, तिथं टीबीचे पेशंट असतात. तिची आजी आणि आत्या म्हणतात काढून घ्या तिला तिथून, टीबी लागला तर लग्न कसं व्हायचं. मुलगी म्हणते बाबा काही होत नाही, बीसीजी दिलेली आहे. मला दोन्ही बाजू पटत नाहीयेत. काय करावं?

उत्तर: भाऊ, तुम्हाला दोन्ही बाजू पटत नाहीयेत ते बरोबरच आहे.

‘काही होत नाही’ हे मुलीचं म्हणणं चूक आहे. जगातले साधारण चारातला एक टीबीचा पेशंट आपल्या देशात आहे आणि छातीच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना धोका बाहेरच्यांपेक्षा जास्त असतो. लहानपणी दिलेली बीसीजी बाळांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या टीबीला ती भरवशाची ढाल नाही, हे तिला आतापर्यंत कुणीतरी सांगायला हवं होतं. पण काढून घ्या हेही चूक. जंतू अंगात गेलेल्या माणसांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आजार होतो, बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. मग आपल्या मुलीचं शरीर दाबून ठेवायला धड आहे का हे बघणं आपल्या हातात आहे.

तुम्ही तिला तीन-चार गोष्टी विचारा. एन-९५ मास्क मिळतो का, की तो निळा सर्जिकल मास्क? सर्जिकल मास्क आपल्या थुंकीचे थेंब दुसऱ्यावर उडू नयेत म्हणून असतो, टीबीचा जंतू हवेत तरंगत राहतो, त्याला एन-९५ च लागतो आणि तोही नाकावर दाबून, दोन्ही पट्ट्या लावून, पट्टी लोंबकळत ठेवून नाही. वॉर्डाच्या खिडक्या उघड्या असतात का, की पावसात आणि थंडीत सगळ्या बंद? ती सकाळी खाऊन जाते का? होस्टेलच्या मुली साडेसहाला चहा-बिस्किट खाऊन निघतात आणि दुपारी दोनपर्यंत पोटात काही नसतं, वजन ४० किलो, आणि मग आपण इम्युनिटीची गोळी विचारतो. तिला डायबेटिस, दुसरा काही आजार किंवा स्टिरॉइडचं औषध चालू असेल तर मात्र पोस्टिंगच्या आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पालक मीटिंगला तुम्ही स्वतः विचारा, मास्क कॉलेज देणार की हॉस्पिटल. मुलींनी विचारलं तर उद्धट म्हणतात, वडिलांनी विचारलं की उत्तर मिळतं, हे बदलायला हवं पण आज तरी असंच आहे.

आणि तिला पक्कं सांगून ठेवा की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं यातलं काही दिसलं तर कफ सिरप घेत बसायचं नाही, थुंकीची तपासणी करायची. टीबी झालाच तर औषध फुकट आहे, साध्या टीबीला साधारण ६ महिने लागतात, आणि निक्षय पोषण योजनेत आता महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. पूर्ण कोर्स केला की माणूस बरा होतो. आजीला सांगा, एका ताटात जेवल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं हा आजार पसरत नाही. आणि डोंबिवलीहून रोज सकाळच्या फास्टला लटकून जाणारी माणसंही तीच हवा घेतात ज्यात कुणीतरी खोकत असतं, तिथं तर मास्कही नसतो. लग्नाचं म्हणाल तर टीबीची माहिती असलेली, मास्क नीट लावणारी सून ज्या घरात जाईल त्या घराचं भलंच होईल.

प्रश्न: मी कोपरखैरण्याला पीजीमध्ये राहते, घर उल्हासनगरला. नाइट ड्यूटी चालू आहे, परवा ओटीबाहेर चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन केलं तर ८.९ आलं. सगळे म्हणतात बीट खा. मी आयर्नच्या गोळ्या आणल्यात पण त्यानं पोट बिघडतं म्हणून सोडल्या. सकाळी ड्यूटी संपली की स्कूटीवरून पीजीला येते तेव्हा डोळे मिटतात. रात्री जागायला एनर्जी ड्रिंक घेते, दोन कॅन. पाळीपण जास्त जाते.

उत्तर: अगं, पाळी जास्त जाते हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, ते पहिल्या ओळीत हवं होतं. किती दिवस, किती पॅड, गुठळ्या पडतात का, हे लिहून काढ आणि गायनॅकला दाखव. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, तुझं ८.९ म्हणजे मधल्या पातळीचा झाला, ८ च्या खाली गेलं की गंभीर धरतात. नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हे-५ मध्ये १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या, त्यामुळे ‘सगळ्यांचंच कमी असतं’ असं म्हणून सोडून द्यायची आपल्याकडे सवयच झालीये. बाळंतिणीच्या फाइलवर ८.९ बघितलं तर तू स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना सांगशील, मग स्वतःचं असताना बीटवर कशी काय थांबतेस?

बीटानं ८.९ चं १२ होत नाही, गोळीच लागते. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना सांगून ब्रँड बदल, एक दिवसाआड घेऊन बघ, जेवणानंतर घे, पण सोडू नकोस. गोळी चहाबरोबर घेतलीस तर ती अंगाला लागत नाही, आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबूपाणी किंवा आवळा चालेल. खाण्यात हळिवाचा लाडू, चवळी, मेथी, नाचणी, आणि खात असशील तर सुका जवळा, कलेजी, जे पीजीत जमेल ते. गोळी नीट घेतली तर महिनाभरात फरक रिपोर्टमध्ये दिसायला हवा. नाही दिसला तर नुसता डोस वाढवत बसायचं नाही. तू उल्हासनगरची आहेस म्हणून मुद्दाम लिहिते, सिंधी समाजात थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तातल्या एका दोषाचं, प्रमाण जास्त असतं आणि त्याच्या बारीक लाल पेशी आयर्न कमी असल्यासारख्याच दिसतात, तर एकदा एचपीएलसी ही थॅलेसेमिया ओळखणारी रक्ताची टेस्ट करून घे, सिंधी नसलीस तरी कर. नुसत्या मायनरनं सहसा ८.९ पर्यंत उतरत नाही, पण लग्नाआधी ते माहीत असणं फार कामाचं आहे.

स्कूटीबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचा मेंदू रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चालतो असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलंय, आणि आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ठाणे-बेलापूर रोडवर सकाळी ट्रक आणि कंपन्यांच्या बसची जी गर्दी असते त्यात ८.९ हिमोग्लोबिन आणि मिटणारे डोळे घेऊन जायचं नाही. नाइट असेल त्या दिवशी एनएमएमटीच्या बसनं नाहीतर शेअर रिक्षानं ये, किंवा चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं झोपून मग निघ. ड्यूटीला जायच्या आधी संध्याकाळी दीड तास झोप काढ, जेवण बाराच्या आत उरक, आणि चहा-कॉफी काय घ्यायची ती तीनच्या आत, एनर्जी ड्रिंक बंद. त्या दोन कॅनमुळेच सकाळी अंथरुणावर पडलीस तरी झोप लागत नसणार, आणि मग रात्री परत दोन कॅन.

प्रश्न: मी नवी मुंबईत नर्सिंग ट्यूटर आहे. हात धुण्यावर मुलींची टेस्ट घेतली, सगळ्यांना छान मार्क, हात कधी कधी धुवायचे ते पाच क्षण तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी वॉर्डात बघते तर एका पेशंटवरून दुसऱ्याकडे तेच ग्लोव्हज घालून. शिकवण्यात काय कमी पडतंय?

उत्तर: मॅडम, शिकवण्यात कमी पडत नसावं, वॉर्डात पडतंय. मुलगी वर्गात तुमचं ऐकते आणि वॉर्डात स्टाफ सिस्टरचं बघते, आणि पहिल्या आठवड्यात तिला कळतं की इथं भराभर काम उरकणारीला शाबासकी आहे. तुमच्या टेस्टमध्ये तिला सगळं येतं कारण ते तिला खरंच येतं.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइसनं शवविच्छेदन करून प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं खाली आले, तरी आजूबाजूचे मोठमोठे डॉक्टर मानायला तयार नव्हते. आकडे समोर असताना. म्हणजे माहिती मिळाली की वागणूक आपोआप बदलते हे तेव्हाही खरं नव्हतं.

काय करता येईल ते सांगते. आधी बेसिनशी उभ्या राहा आणि बघा की साबण आहे का, पाणी येतंय का, हात पुसायला काय आहे. वॉर्डभर एकच ओला टॉवेल लटकत असेल तर हात न धुण्यात मुलींचा दोष निम्माच. हँडरब बेडच्या पायथ्याशी हवा, तो २० ते ३० सेकंदांत होतो, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि तीस पेशंटांच्या वॉर्डात दोन मुली असतील तर हा फरक मोठा आहे. ग्लोव्हज घातले की हात धुवायला नको हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर वेगळा तास घ्यावा लागेल. मुलींचे हात बघा, सारखं धुऊन भेगा पडलेल्या असतील तर त्या टाळणारच कारण झोंबतं, साधं खोबरेल किंवा क्रीम ड्यूटी संपल्यावर लावायला सांगा. आणि राउंडला तुम्ही स्वतः आधी हात धुवा, घड्याळ-अंगठ्या काढून, त्यांच्या देखत. सेकंड इयरच्या मुलींना ‘मॅडम, हात?’ असं तुम्हाला टोकायची परवानगी द्या आणि टोकलं की रागवू नका. माझ्या अनुभवात हात धुण्याची सवय या एका गोष्टीनं जितकी लागते तितकी पोस्टरनं लागत नाही.

प्रश्न: ताई हे कुणाला सांगितलेलं नाही. मी जळगावकडच्या खेड्यातली, खारघरला होस्टेलवर आहे. आई, आजी सगळ्या मिसरी लावतात, मलापण सातवी-आठवीपासून सवय लागली. इथं बाथरूममध्ये लपून लावते. कम्युनिटी पोस्टिंगला मला तंबाखूवर हेल्थ टॉक द्यायचाय. मी तो कसा देऊ? लावली नाही तर डोकं दुखतं आणि पोट साफ होत नाही.

उत्तर: बाळा, तू हे लिहिलंस याचं मला फार बरं वाटलं. आपल्याकडे सिगरेट ओढणारी मुलगी लोकांच्या डोळ्यात येते आणि मिसरी लावणाऱ्या लाखो बाया कुणाच्या मोजदादीत नसतात, कारण ती दात घासायची गोष्ट समजतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरड्यांमधून निकोटीन सरळ रक्तात जातं, म्हणून तर डोकं दुखतं. ती तलफ आहे, तू वाईट मुलगी आहेस असं त्यातून काही निघत नाही. लहान वयात घरातूनच लागलेली सवय आहे ती.

१८००-११२-३५६ हा तंबाखू सोडायचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फुकट, फोनवर काउन्सेलिंग करतात, घरच्यांना कळत नाही. किती वेळा लावतेस ते आधी दोन-तीन दिवस लिहून काढ, मग सोडायची एक तारीख ठरव, परीक्षेच्या आठवड्यातली नको. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, तेव्हा कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी असं काहीतरी चालू ठेव. निकोटीन गमबद्दल डॉक्टरांना विचार. सकाळच्या मिसरीच्या वेळेला हातात ब्रश आणि पेस्ट पाहिजे, हात रिकामा राहिला की तो डबीकडे जातो. आणि कॉलेजच्या ओपीडीत किंवा डेंटिस्टकडे एकदा तोंड आतून दाखव, गालाला आतून पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. तू खारघरलाच आहेस, टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर तिथंच आहे, तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट तू पोस्टिंगला बघितलेच असशील.

हेल्थ टॉक तूच दे. पोस्टरवरचं फुफ्फुस बाजूला ठेव आणि बायांशी मिसरीबद्दल बोल, कधी लावता, का लावता, न लावल्यावर काय होतं, गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं, हे तुझ्याइतकं नीट त्यांना कोण सांगणार. स्वतःचं सांगायचं की नाही ते तू ठरव, कुणाची सक्ती नाही.

प्रश्न: पेशंट गेला की मी दोन-दोन दिवस जेवत नाही. मैत्रिणी म्हणतात सवय होईल. सवय झाली नाही तर मी नर्स व्हायला लायक नाही का? (ऐरोली, फर्स्ट इयर)

उत्तर: लायक आहेस. पहिला मृत्यू बघितल्यावर जेवण जात नाही हे अगदी साहजिक आहे, पण दरवेळी दोन दिवस उपाशी राहणं हे कुणाशी तरी बोलायला हवं असं आहे. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सीनियर सिस्टरला विचार की तुम्ही काय करता, बऱ्याच जणी कधी कुणी विचारलं नाही म्हणून बोललेल्या नसतात. रात्री-बेरात्री नको नको ते विचार यायला लागले, जगावंसं वाटेना, तर त्याच क्षणी १४४१६ लाव, टेलि-मानस, २४ तास फुकट, मराठीत बोलतात. आणि रूममेटला उठव. झोपमोड होईल म्हणून थांबू नकोस.

प्रश्न: एचपीव्हीची लस २० व्या वर्षी घेऊन उपयोग आहे का? घरचे म्हणतात लग्नानंतर बघू. (पनवेल)

उत्तर: आहे, आणि लग्नाआधी घेतलेली जास्त उपयोगी, कारण लस आधीपासून असलेला विषाणू घालवत नाही, नवा येऊ देत नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता मिळते, १५ ते २६ वयात तीन डोस, ०, २ आणि ६ महिने. घरच्यांना सांगताना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस म्हणून सांग, ते खरंच आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिला असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येतो, दोन्ही लशी एकत्र चालतात, कार्ड सोबत ने.

प्रश्न: पावसात होस्टेलपासून हॉस्पिटलपर्यंत गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, टाचांना भेगा आहेत. (कळवा)

उत्तर: भेगा आणि साचलेलं पाणी म्हणजे लेप्टोची भीती, उंदरांचं मूत्र त्या पाण्यात असतं. गमबूट घाल, निदान भेगांवर वॉटरप्रूफ पट्टी लाव, पोचल्यावर पाय साबणानं धुऊन कोरडे कर. अशा पाण्यातून जावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेट, डॉक्सिसायक्लिन द्यायची की नाही आणि किती ते ते ठरवतील, मेडिकलमधून स्वतः घेऊ नकोस, आणि गरोदर मैत्रीण असेल तर तिला तुझ्या पाकिटातली देऊ नकोस. नंतर ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर ‘पाण्यातून चालले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.